शेगावहून येणाऱ्या चाली

आमच्या खामगावात माझी ओळख 'कम्प्युटरले बुद्धिबळ शिकवणारी बाई' अशी आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच, "मंग जितते कोन, तू का कम्प्युटर?" कम्प्युटर जिंकतो, आणि फार लवकर जिंकतो, असं मी खरं ते सांगते. मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा दयेनं पाहतो आणि वाढप्याला हाक मारतो. जिला स्वतःला धड खेळता येत नाही ती दुसऱ्याला काय शिकवणार, असं त्याच्या मनात येतं, आणि त्यात चूक काही नाही. मी बेताचीच खेळते.

पण बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहायला बुद्धिबळ फार यावं लागत नाही. चिकाटी लागते आणि अपमान पचवायची सवय लागते. पुण्यात बावीस वर्षं मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. आई आजारी पडली म्हणून परत आले, आणि आई गेल्यावर इथंच राहिले. बुद्धिबळाचं काम या सगळ्या काळात बाजूला चालूच होतं. जगभरातली हौशी माणसं मिळून एक खेळणारा प्रोग्राम तयार करतात, त्याला आम्ही इंजिन म्हणतो. त्यातली ओळ न ओळ सगळ्यांना उघडी असते. कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. माझ्या चौदा दुरुस्त्या त्यात घेतल्या गेल्या. नाकारलेल्या किती, ते विचारू नका.

इंजिन विचार करत नाही, करून पाहतं. आतल्या पटावर एक चाल करतं, समोरचा तिला काय काय उत्तरं देईल ते पाहतं, त्या उत्तरांना आपली उत्तरं पाहतं, आणि शेवटी जी परिस्थिती उरते तिला गुण देतं. मग सगळं परत घेतं आणि दुसरी चाल करून पाहतं. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखो वेळा. काय पाहिलं नाही तरी चालेल हे त्याला सांगणं आणि गुण नीट द्यायला शिकवणं, एवढंच आम्हा लोकांचं काम.

दुरुस्ती चांगली की वाईट हे मात्र कुणी माणूस ठरवत नाही. दुरुस्त केलेलं इंजिन आणि जुनं इंजिन समोरासमोर बसवतात आणि हजारो डाव खेळवतात. म्हणजे एकच खेळाडू स्वतःशी खेळतो. माझ्या मागच्या खोलीत दोन मशीनं याच कामाला लावलेली आहेत. मे महिन्यात त्यांच्यावर टेबलफॅन सोडते आणि मी आपली पदरानं वारा घेत बसते. खोलीत पट नसतो, सोंगट्या नसतात, कुणी माणूस नसतं. आत डाव मांडले जातात, राजे मरतात, पुन्हा मांडले जातात. सुरुवातीला मला त्या खोलीत एकटीनं बसवत नसे. मग सवय झाली आणि मी तिथंच भाजी निवडायला लागले.

एकदा मात्र विचित्रच घडलं. परदेशातल्या एका परीक्षकानं कळवलं, 'तुमची दुरुस्ती घातल्यापासून इंजिन एका रिकाम्या घराला घाबरतंय.' मी डाव उघडून पाहिला. खरंच, राजा त्या घरात पाऊल ठेवायला तयार नव्हता, लांबून वळसा घालून जात होता. त्या घरावर कुणाचाही मारा नव्हता. तीन दिवस मी ओळ न ओळ वाचून काढली. शेवटी कळलं ते असं. आतल्या पटावरचा घोडा मारला गेला की तो काढून टाकायचा आणि तो ज्या घरांवर नजर ठेवून होता त्या घरांवरची खूणही पुसायची. एका विशिष्ट प्रसंगी घोडा जात होता, खूण राहत होती. मेलेल्या घोड्याचा धाक पटावर शिल्लक होता. एक ओळ बदलली आणि राजा त्या घरातून सरळ चालत गेला. चूक माझीच होती, हे मी तेव्हा लगेच कबूल केलं नव्हतं.

गिऱ्हाइकं म्हणावी तशी मला नसतात, पण येतात. कापसाचे एक अडते आले होते. म्हणाले, "ताई, मले हारवनारं नको. मले हारनारं बनवून द्या. पन लगेच नाई हाराव." मला वाटलं, सोपं काम. इंजिनाला अधूनमधून वाईट चाल करायला लावली. आठ दिवसांत अडते परत आले, लाल होऊन. "हे मले मुद्दाम जितू देऊन राह्यलं. हा अपमान हाय!" त्यांचं खरं होतं. चांगला खेळणारा मधेच वेडा झाल्यासारखं ते दिसत होतं. माणसासारखं हरायला शिकवण्यात माझे दोन महिने गेले.

तायडे मावशी आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी.

सकाळची वेळ होती, मी कुकर लावत होते. सत्तरीच्या बाई, पांढरी सुती साडी, हातात जड कापडी पिशवी, संग्रामपूरहून पहिल्या बसनं आलेल्या. त्यांच्या भाचीनं माझ्याकडे कम्प्युटरचा कोर्स केला होता, तिनं पत्ता दिला होता. "जयभीम, पोरी," म्हणून त्या बसल्या आणि पिशवीतून एकेक लांबट वही काढून माझ्यासमोर ठेवत गेल्या. सात वह्या. शेवटी एक मोबाईल, रुमालात गुंडाळलेला.

"हे आमच्या गुरुजीचं," त्या म्हणाल्या. "आज एक्केचाळीस दिवस झाले त्याईले जाऊन."

तायडे गुरुजी संग्रामपूरला शाळेत मास्तर होते. चाळिशीत असताना सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्यांची निवडणुकीची ड्यूटी लागली. त्याच केंद्रावर शेगावचे कुळकर्णी बाबू होते, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचे. मतदार थोडे आणि दिवस मोठा. दोघांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पट आखला, खडे आणि चिंचोके मांडले, आणि संध्याकाळी पेट्या उचलायची वेळ आली तरी डाव अर्धाच होता. तो पोस्टकार्डावर पुढं चालू झाला आणि मग तीस वर्षं थांबला नाही. पुढं कार्डाऐवजी मोबाईलचे मेसेज आले. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला गुरुजींची चाल जाई, दुपारपर्यंत बाबूंची येई. चालीखाली एक ओळ घरची. एकेक डाव वर्षभर चाले.

नियम त्यांचे त्यांनीच केलेले होते. एक, बरोबरी मानायची नाही. कितीही लांबो, कुणीतरी हरलंच पाहिजे. दोन, हरला त्यानं जिंकलेल्याच्या घरी जायचं, जेवायचं आणि नवा डाव मांडून द्यायचा.

"शेगावले सांगतलं नाई अजून," मावशी म्हणाल्या.

"काऊन मावशी?"

"बाबूच्या काळजानं दोनदा दगा देला. डाक्टरनं बजावलं हाय, धक्क्याची गोठ त्याईच्या कानावर जाऊ द्याची नाई. अन् हे जाताना मले म्हनाले, बाबूले लगेच सांगू नको. आता लगेच म्हंजे कुठलोक, ते सांगाले राह्यले नाईत."

बाबूंना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनवर बोलणं केव्हाच बंद पडलं होतं. ते अंथरुणाला खिळलेले, गुरुजींचे गुडघे गेलेले. दोघांनाही ओळखणारी माणसं फारशी उरली नव्हती. एक्केचाळीस दिवस मावशींनी गुरुजींच्या मोबाईलवरून 'ताप आहे, मग खेळतो' असं लिहून वेळ काढली होती. आता तापही पुरत नव्हता.

"मले घोड्याची चाल समजत नाई," त्या म्हणाल्या. "तू त्याईच्यासारखं खेळनारं बनवून दे. पन ध्यानात ठेव, जिताचं नाई अन् हाराचंबी नाई. डाव संपू देऊ नको. हे हारले तं याईले शेगावले गेलं पाह्यजे. जितले तं बाबूले काई येता येत नाई, त्याईची सून गाडी घेऊन दारात येईन, चला गुरुजी म्हनून. मंग मी कोनाले पुढं करू?"

मी म्हणायला हवं होतं, मावशी, त्यांच्या सुनेला तरी विश्वासात घ्या. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या वह्यांचा मोह पडला. एका माणसाचे तीस वर्षांचे डाव, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, चाल न चाल शाईनं लिहिलेली. असलं घबाड आमच्या धंद्यात कुणाच्या हाती लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्या मला ऐकूही आल्या नाहीत. मी हो म्हणून बसले.

तीन आठवडे मी वह्या मशीनमध्ये उतरवल्या. गुरुजी घोड्याला घोडा कधी देत नसत. वजीर लवकर बाहेर काढत नसत. संकटात सापडले की डावीकडची प्यादी पुढं ढकलत. हे सगळं मी गुणांमध्ये बसवलं आणि वर मावशींचा हुकूम घातला: जिंकू नकोस, हरू नकोस. सोमवारी आणि गुरुवारी मशीन चाल काढी, मी मावशींना पाठवी, मावशी ती गुरुजींच्या मोबाईलवरून शेगावला पाठवत. खालची ओळ मावशींची असे. 'गोळी घेतली काय?' उत्तरात बाबूंची चाल येई आणि खाली, 'घेतली. तुम्ही जेवलात का?'

महिनाभरानं एका सोमवारी मशीननं उजवीकडचं अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. कारण काही नव्हतं. मला वाटलं, कुठंतरी चूक राहिली. तेवढ्यात मावशींचा फोन आला.

"पोरी, आज त्याईनं खेळलं."

"मावशी, मशीननं खेळलं."

"नाई व. हे प्यादं ते कधी सरकवत मले ठाव हाय. घरात भांडन झालं का सरकवत. काल मी त्याईच्या फोटोवर लय चिडली होती."

वह्यांमध्ये चाली होत्या, भांडणं नव्हती. मी पुन्हा एकदा वह्या चाळल्या. ती चाल तीस वर्षांत मोजून नऊदा होती, आणि कशामुळे होती ते मला कुठूनच सापडलं नाही. मी इंजिनाचा तो भाग तपासायचा ठरवला होता, पण हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत भाजी निवडायला गेले आणि का कोण जाणे, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. मावशी अधूनमधून फोन करत. मोबाईल वाजला की दोन कप चहा टाकते, म्हणत. एक त्याईचा, ठेवते अन् मंग मीच पेते. त्यांच्या आवाजात आनंद असे, आणि तो ऐकून मला स्वतःचं कौतुक वाटे.

आषाढानंतर डाव फिरला. तोवर दोन्ही बाजू सारख्या होत्या, डाव नुसता रेंगाळत होता. आता बाबू गळा आवळायला लागले. गुरुजींच्या बाजूचे गुण दर आठवड्याला खाली उतरत होते. मी मावशींना गमतीनं म्हटलंही, "बाबूले टानिक लागू पडलं वाटते." मशीनला जास्त वेळ विचार करू दिला, तरी घसरण थांबेना. डाव असाच चालला तर गुरुजी हरणार आणि मावशींना शेगावचं दार वाजवावं लागणार, हे मला दिसत होतं.

मग एका गुरुवारी दुपारी शेगावहून चाल आली आणि मी ती दोनदा वाचली.

बाबूंचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती. कुणीही माणूस ते पुढं ढकलेल, पाच वर्षांचं पोर ढकलेल. बाबूंनी ढकललं नव्हतं. त्यांनी आधी आपला राजा एक घर कडेला, कोपऱ्याकडे नेला होता.

ते पाऊल माझं होतं. माझ्या चौदा दुरुस्त्यांमधली सहावी. जिंकत असताना घाई करू नकोस, आधी राजाला एक पाऊल बाजूला ने, मग पुढं जा, असं मी इंजिनाला शिकवलं होतं. त्याचा फायदा इतका बारीक की हजारो डावांतच दिसतो. चांगले खेळाडू त्याला हसतात, माणसाच्या हातून ते पाऊल पडतच नाही. आमच्या मंडळीत त्याला माझ्या गावाच्या नावानं चिडवतात. आणि ते पाऊल शेगावच्या अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्यानं टाकलं होतं.

मी पट उलटा केला. शेवटच्या वीस चाली माझ्या नेहमीच्या इंजिनाला बाबूंच्या बाजूनं विचारल्या. वीसच्या वीस तंतोतंत जुळल्या. त्याआधीच्या पाचपैकी एकही नाही. म्हणजे आषाढातल्या कुठल्यातरी सोमवारपासून बाबूंच्या हातात माझा हात होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या बसनं मी शेगावला गेले. विचारत विचारत एका लॉजच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. दार सुनेनं उघडलं. वृंदाताई, पन्नाशीच्या, कणकेचे हात. मी म्हटलं, "तायडे गुरुजींच्या ओळखीची आहे." तोवर माझी नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली होती. भिंतीवर बाबूंचा फोटो आणि फोटोला हार.

"गुरुजींना सांगू नका हं," त्या एकदम म्हणाल्या. कणकेचे हात तसेच जोडले. "बाबांना जाऊन अडीच महिने झाले. बाबा म्हणायचे, तायडेचा दुसऱ्या कुणाशी डाव जमत नाही, मी गेलेलो कळलं तर तो आठवड्यात माझ्यामागं येईल. म्हणून आम्ही कळवलंच नाही. मला खेळता येत नाही. मोबाईलमध्ये ते फुकटचं ॲप आहे ना, ते सांगेल ती चाल पाठवते."

ते ॲप कुणाच्या इंजिनावर चालतं हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

"पण ते जिंकायलाच बसलंय हो," त्या म्हणाल्या. "गुरुजी हरले की इथं येतील. मग मी काय दाखवू त्यांना? ॲपला थांब कसं म्हणायचं तेच कळत नाही."

मी पाणी मागितलं. पाणी आणता आणता त्या बोलतच होत्या. "आणि खरं सांगू का? गुरुजी विचारतात ना, गोळी घेतली काय, तेव्हा मी खरंच घेते. माझी थायरॉइडची. घरात दुसरं कुणी विचारत नाही. आता आमचे हे म्हणतात, मोबाईलमध्ये तसं लावून देतो, चाल आपोआप जाईल, खालची ओळसुद्धा आपोआप जाईल, तुझी दगदग वाचेल."

मी पेला खाली ठेवला. चारच दिवसांपूर्वी मावशी मला म्हणाल्या होत्या, डोळ्यात मोतीबिंदू वाढला, बारके अक्षरं दिसत नाईत, तूच परभारे पाठव न शेगावले, चाल अन् गोळीचंबी.

मी वृंदाताईंना काही सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि भर दुपारी मला थंडी वाजत राहिली. मागच्या खोलीत चालतात तसल्या डावांना मी आयुष्यभर पाहत आले होते. पण त्या खेळणाऱ्यांना नावं नव्हती. ते एकमेकांना जेवलात का विचारत नव्हते. आता दोन मोबाईल उरणार होते. सोमवारी आणि गुरुवारी नऊ वाजता एक मेलेला माणूस दुसऱ्या मेलेल्या माणसाला चाल पाठवणार, गोळी घेतली काय विचारणार, आणि दुसरा घेतली म्हणणार. मावशी गेल्या, वृंदाताई गेल्या, मी गेले, तरी वीज असेपर्यंत ते थांबणार नव्हतं. त्यांच्या नियमात बरोबरीच नव्हती.

मनाला एकच दिलासा होता की गुरुजी हरत आले आहेत आणि डाव आपोआप संपेल. पुढच्या सोमवारी सकाळी मशीन उघडलं. गुण शून्य, म्हणजे दोन्ही बाजू पुन्हा सारख्या. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. बिघडलं नव्हतं. मशीनला वाट सापडली होती. गुरुजींच्या हत्तीनं एक शह द्यायचा, बाबूंचा राजा सरकणार. दुसऱ्या बाजूनं शह द्यायचा, राजा परत येणार. पुन्हा तेच. ना मात, ना सुटका. मी सांगितलेलं काम त्यानं चोख केलं होतं. जिंकू नकोस, हरू नकोस, संपवू नकोस.

त्या सकाळी सातपासून नऊपर्यंत मी पडद्यासमोर बसून होते. चहा केला नाही. वृंदाताईंचा नंबर माझ्याकडे होता, मावशींचाही होता. दोघींना फोन करून सांगणं हाच सरळ मार्ग होता. पण मला तोंड उघडायचं धैर्य झालं नाही. कारण सांगायला लागले असते तर हेही सांगावं लागलं असतं की हे सगळं मी हौसेनं बनवलं. नऊ वाजले तेव्हा मी मावशींना एक चाल पाठवली आणि मशीन बंद केलं.

पुढच्या चालीही मशीन न उघडताच पाठवल्या. दोन आठवड्यांनी मावशींचा फोन आला. "पोरी, शेगावहून मात आली व. हारले हे." मग म्हणाल्या, "आता जा लागते. नियम हाय. बाबूच्या हाताले धरून मीच सांगते. तू चालशीन संग?"

मी मावशींना आणायला संग्रामपूरला गेले. तिथून शेगावपर्यंत मावशी बसमध्ये बाबूंना काय सांगायचं ते पुटपुटत होत्या. आधी पाणी पाजाचं, मंग सांगाचं, असं चार वेळा म्हणाल्या. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. शेगावला उतरलो, गल्लीत शिरलो. मावशींनी दार वाजवलं.

वृंदाताईंनी दार उघडलं. मावशींना पाहिलं, मला पाहिलं, आणि आमच्यामागं गल्लीत पाहायला लागल्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

"गुरुजी... रिक्षात आहेत का?"

मावशींची नजर भिंतीवरच्या हाराकडे गेली होती. त्यांनी चौकटीला धरलं आणि सावकाश तिथंच, उंबऱ्याशी खाली बसल्या. वृंदाताईंनी त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं, पांढरी साडी पाहिली. मग त्याही समोर बसल्या. कुणी रडलं नाही. मी उभी होते, मला कुणी बस म्हटलं नाही.

मावशी म्हणाल्या, "बाबू कधी गेले?"

"आषाढात. आणि गुरुजी?"

"मांगच्या दिवाईनंतर."

दोघी मनात मागं मागं जात होत्या, ते दिसत होतं.

"मंग पोयाच्या दिवशी, पोट दुखून राह्यलं म्हून लिहिलं ते?"

"मी लिहिलं होतं. माझंच दुखत होतं."

"अन् मी तुले ओवा खाले सांगतला."

"खाल्ला मी," वृंदाताई म्हणाल्या आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. मावशींनी त्यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. आम्ही जेवलो. नवा डाव कुणी मांडला नाही.

आता या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. दोघी रोज फोनवर बोलतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वृंदाताई चार दिवस संग्रामपूरला जाऊन राहिल्या. मी ते मशीन पुसून टाकलं, वह्या परत केल्या. पण मावशी येईल त्या माणसाला सांगतात, "पोरी, हे बाबूले सहजी हारनारे नव्हते. मुद्दाम हारले. माहा जीव तिथं अडकला हे त्याईले दिसलं, अन् त्याईनं मले धाडलं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळतो की मी मान डोलावते. वर्षभर डोलावते आहे. या मासिकाचा अंक घरी आला की मावशी नवीन डोळ्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे, म्हणून इथंच लिहिते.

मावशी, गुरुजींनी तो डाव वाचवला होता. त्या सोमवारी त्यांची खरी चाल मी तुम्हाला पाठवलीच नाही. हरवला तो मी.